पत्रिकेच्या पाठीवरची म्हैस

शारदा स्टेशनरीचा बिपिन दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात स्केचपेनांचं पाकीट होतं. मला वाटलं, माझी बायको रत्ना पुन्हा काहीतरी विसरली. ती त्याच्या दुकानात गेली की हमखास काहीतरी विसरून यायची आणि बिपिन ते घरी पोचवायचा. कधी छत्री, कधी चष्मा.

"ये रे," मी म्हणालो. "आज काय विसरली?"

तो आत येईना. एका पायातली चप्पल काढायची, परत घालायची, असं त्याचं चाललं होतं. माझी नात गार्गी फरशीवर बसून बोटांना लागलेला डिंक चाटत होती. अडीच वर्षांची पोर. मी तिचं बोट तोंडातून काढायचो, ती दुसरं घालायची.

"काका, काकू स्टुलावर बसल्या होत्या," बिपिन म्हणाला. "पाकिटातला हिरवा फिका निघतो, गडद दाखव म्हणाल्या. मी आत गेलो. बाहेर आलो तर..."

"तर काय?"

"समोरच्या डॉक्टरांना लगेच बोलावलं. ते म्हणाले, आता नेऊन उपयोग नाही."

"कुठे नेऊन?"

बिपिन रडायला लागला, तेव्हा मला कळलं. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "मग गडद मिळाला का?"

हे मी कुणाला सांगितलं की लोक म्हणतात, धक्का बसला होता तुम्हाला. बसलाच होता. पण मला खरोखर जाणून घ्यायचं होतं. बाई सकाळी तेवढ्या एका कामासाठी बाहेर पडली होती.

बिपिनने पाकीट पुढे केलं. "हा गडद आहे," तो म्हणाला.

हे सगळं कार्डांमुळे. गार्गीचे आईबाप, म्हणजे माझा मुलगा सुहास आणि सून रूपाली, दोघं पुण्यात नोकरीला. पोर रांगत होती तेव्हापासून आमच्याकडे विट्याला. तिला वाचायला शिकवायचं रत्नाने डोक्यात घेतलं. मी बाजारातून मुळाक्षरांचा तक्ता आणून दिला. तो तिने भिंतीला टेकवला आणि चष्म्याच्या वरून बघितला.

"अ अननसाचा. हिने कधी बघितलाय अननस?"

"मोठी झाली की बघेल."

"ऐ ऐरणीचा."

"ऐरण डेपोत आहे की." मी एसटीच्या डेपोत मेकॅनिक होतो.

"मग डेपोत घेऊन जा तिला. आणि हा बघा, क्ष क्षत्रियाचा. तलवार घेऊन उभा आहे. पोरीला वाचायला शिकवायचंय की लढाईला पाठवायचंय?"

तक्ता माळ्यावर गेला. तिने स्वतः कार्डं करायला घेतली. शब्द घरातले आणि दारातले. पहिला शब्द 'नको', कारण गार्गी दिवसभर तोच बोलायची. मग पोळी, नळ, चप्पल, बोका. समोरच्या गोठ्यातली म्हैस. चित्र एकही नाही. मी म्हणालो, जरा चित्रं काढ की, पोराला गंमत वाटते. तर म्हणाली, "चित्र काढलं की पोर चित्र वाचतं आणि अक्षर तसंच राहतं."

कागद होता लग्नपत्रिकांचा. आमच्याकडे पत्रिका टाकत नाहीत, वर गणपती असतो म्हणून. त्यामुळे नातेवाइकांतल्या सगळ्या लग्नांच्या पत्रिका बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात साठल्या होत्या. लग्नं मोडली, पत्रिका राहिल्या. एका बाजूला सोनेरी छपाई, दुसरी बाजू कोरी. ती कापायची आणि कोऱ्या बाजूला लाल स्केचपेनने मोठ्या अक्षरात शब्द लिहायची.

"गणपती टाकलेला चालत नाही," मी म्हणालो, "आणि कापलेला चालतो?"

"अभ्यासाला चालतो. विद्येचा देव आहे तो."

कार्डं वाढत गेली. आई झालं, बाबा झालं, आजी झालं. एक दिवस मी म्हणालो, "माझं कार्ड कुठाय? बोक्याचं झालं. आबा कुठाय?"

"तुमचं शेवटी. चांगला कागद बघतेय."

"बोक्यापेक्षा चांगला?"

"बोका उंदीर तरी धरतो."

"आणि माझं लाल नको हां. जन्म गेला लाल डब्याखाली झोपून."

"नखरे बघा," ती म्हणाली आणि गार्गीला मांडीवर ओढून शिकवायला बसली. एवढंच आठवतं. तेव्हा काही लक्ष देऊन ऐकलं नव्हतं.

माणूस गेलं की घर माणसांनी भरतं आणि सगळे चहा पितात. आमच्याकडे तर कोण येतंय, कोण जातंय, मला कळेना. फोटोची अडचण झाली. रत्नाचा एकटीचा चांगला फोटो म्हणून एकच निघाला, तो कुणाच्या तरी लग्नातला होता आणि तिच्या तोंडात जिलेबी होती. फोटोवाल्याने बाजूची माणसं कापली, पण गालातली जिलेबी त्याला काढता आली नाही. हार घालून तो फोटो लावला तेव्हा ती मला वेडावून दाखवत असल्यासारखी दिसायला लागली. मला तो आवडला. बाकीच्यांना नाही.

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी दुपारी रूपाली माझ्याजवळ येऊन बसली. मागोमाग तिची आई. शोभाताई मोहिते, कराडच्या. नगरपालिकेत मोठ्या टेबलावर बसून निवृत्त झालेल्या, आणि अजून त्या टेबलामागे बसल्यासारख्या बोलायच्या. सुहासच्या लग्नात रत्नाने त्यांना दिलेली साडी त्यांनी चारचौघांत बोटांनी चोळून बघितली होती आणि "असू दे," म्हणाल्या होत्या. बस, तेवढंच. तेव्हापासून दोघी एकमेकींशी इतक्या गोड बोलायच्या की ऐकणाऱ्याला भीती वाटावी.

"अण्णा," रूपाली म्हणाली, "गार्गीचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? आहे की ती."

"मी कराडला नेते तिला," शोभाताई म्हणाल्या. "घर मोठं आहे, कामाला बाई आहे. शाळेच्या वयाची झाली की ही दोघं पुण्याला नेतील."

"मी आहे इथे."

"तुम्ही आहात हो भाऊ. पण तुम्हाला स्वतःचा चहा तरी करता येतो का?"

"गार्गी चहा पीत नाही."

कुणी हसलं नाही. सुहास दारात उभा होता, तो खाली बघत म्हणाला, "अण्णा, तुमच्या सोयीचंच बघतोय आम्ही."

माझी सोय म्हणजे काय, ते मला दिसत होतं. रिकामं घर, जिलेबी खाणारा फोटो आणि मी. पण तसं म्हणता येईना. मग तोंडाला आलं ते बोललो. "तिचं वाचन चालू आहे. तुझ्या आईने सुरू केलंय. अर्ध्यात तोडून न्यायची नाही. मी शिकवणार आहे पुढचं."

"अडीच वर्षांची पोर काय वाचणार, भाऊ?"

"तेराव्याला बघा. सगळ्यांसमोर वाचून दाखवेल."

"आणि नाही वाचलं तर?" शोभाताई म्हणाल्या.

"तर न्या."

मी कामाला लागलो. सुतकात माणसाला दुसरा उद्योग नसतो. देवाला हात लावायचा नाही, कुणाच्या घरी जायचं नाही. शिकवायला मनाई नाही, हे मी गुरुजींना विचारून घेतलं. गुरुजी म्हणाले, शास्त्रात याबद्दल काही आढळत नाही.

माझे गुडघे बसखाली गेले. मला खाली बसता येत नाही. म्हणून मी स्टुलावर बसायचो आणि गार्गी समोर चटईवर, शाळेत बसवतात तशी. चष्मा लावून कार्ड नाकासमोर धरायचो आणि शब्द सांगायचो. "म्हैस." ती म्हणायची, "म्हैश." दोन दिवसांत पोर सुटली. मी कार्ड वर केलं की ही शब्द सांगून मोकळी. चप्पल, बोका, भोपळा, केरसुणी. रत्नाला एकट्या 'नळ'साठी किती दिवस घासावं लागलं होतं, आणि माझ्याकडे पोरगी बघता बघता कुठल्या कुठे गेली. मला माझाच अभिमान वाटायला लागला. डेपोत उगाच हयात घालवली असंही एकदा वाटलं. फोटोसमोर जाऊन मी रत्नाला ऐकवलं, "बघ. याला म्हणतात शिकवणं." तिने गाल फुगवलेलाच होता.

तेराव्याचं जेवण झालं. पुरणपोळ्या खाऊन पाव्हणे भिंतींना टेकले. काहींचे डोळे मिटत आले होते. मी स्टूल मधोमध आणलं, चटई टाकली, गार्गीला बसवलं. माझ्या मागच्या बाजूला सुहास, रूपाली आणि रत्नाचा भाऊ नानामामा. गार्गीच्या मागे बायका, आणि बायकांत मधोमध शोभाताई. त्यांनी हाताची घडी घातली होती.

पहिलं कार्ड वर केलं.

"बोका," गार्गी म्हणाली.

मागून सुहास म्हणाला, "अरे!"

दुसरं. "चप्पल." तिसरं. "भोपळा." नानामामा जागे झाले. "आयला," ते म्हणाले, "पोरगी कलेक्टर होणार." रूपालीने तोंडावर हात धरला होता. मी मागे वळून तिच्याकडे बघितलं आणि मग सावकाश पुढचं कार्ड घेतलं. आता मी जिंकल्यातच जमा होतो.

"म्हैश," गार्गी म्हणाली.

"भाऊ, एक मिनिट," शोभाताई म्हणाल्या. "काय म्हणाली ती आता?"

"म्हैस."

"आणि तुमच्या हातात काय आहे?"

"म्हैस आहे. विचारा सुहासला. काय रे?"

"म्हैसच आहे," सुहास मागून म्हणाला.

"मला म्हैस दिसत नाही," शोभाताई म्हणाल्या. "मला माझं नाव दिसतंय."

मी कार्ड उलटं केलं. पाठीवर अर्धा कलश, आणि खाली सोनेरी अक्षरांत 'सौ. शोभाताई व श्री. बाळासाहेब मोहिते, रा. कराड, यांची ज्येष्ठ कन्या'. सुहासच्याच लग्नाची पत्रिका.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतके दिवस शब्दाची बाजू माझ्याकडे होती आणि पत्रिकेची बाजू पोरीकडे. शब्द मी वाचत होतो. पोरगी कलश बघत होती.

तरी मी एक प्रयत्न केला. शब्दाची बाजू तिच्यासमोर धरली. "गार्गी, हे काय?"

गार्गीने माझ्याकडे असं बघितलं, जणू आबांना आता काही जमत नाही. उठली, माझ्या हातातलं कार्ड दोन्ही हातांनी फिरवून सरळ केलं, शोभाताईंच्या नावावर बोट ठेवलं आणि ठणकावून म्हणाली, "म्हैश!"

पहिले नानामामा फुटले. त्यांनी तोंडात पदर कोंबावा तसा रुमाल कोंबला, पण उपयोग झाला नाही. "मी कोण आहे ते बघू दे," म्हणत ते पुढे आले आणि माझ्या मांडीवरची कार्डं उचलली. मग एकेक करत सगळेच उठले. तेराव्याला आलेली माणसं चटईवर वाकून आपापली नावं शोधायला लागली. नानामामांच्या धाकट्याची पत्रिका 'भोपळा'च्या मागे निघाली. "बरोबर आहे," मामी म्हणाल्या. पंचायत समितीतले भोसले 'केरसुणी'वर सापडले आणि गप्प जाऊन पुन्हा भिंतीला टेकले. 'नळ'च्या मागे कुणाच्या तरी भाच्यांनी छापलेलं होतं, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' एक चुलत वहिनी दोनदा सगळी कार्डं चाळून म्हणाल्या, "आमचं कुठेच नाही," आणि त्यांना त्याचंच वाईट वाटलं.

शोभाताई मात्र बसल्या जागी होत्या. म्हशीचं कार्ड त्यांच्या हातात होतं.

"योगायोग आहे हो, ताई," मी म्हणालो. "हाताला येईल तो कागद घ्यायची ती."

"योगायोग?" त्या म्हणाल्या. "मी ओळखत नव्हते होय तिला? त्या साडीवरून. एवढी वर्षं मनात ठेवलं, आणि लिहिलंय बघा कसं. रेघ इकडची तिकडे नाही." त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. रूपालीही धावली. तर हसत होत्या. मग रडायलाही लागल्या, पण हसू थांबवून नाही. "मी घरी तिला तोफ म्हणायचे," त्या म्हणाल्या. "तिला माहीत होतं?"

"होतं."

"कुणी सांगितलं?"

मी रूपालीकडे बघितलं. रूपाली पंख्याकडे बघत होती.

हसून झालं. माणसं पुन्हा भिंतीला टेकली. सुहास खाली बसून कार्डं गोळा करत हळूच म्हणाला, "म्हणजे तिला वाचता येत नाही, अण्णा."

"नाही," मी म्हणालो. बोललेलं बोललेलं असतं. "तिचे कपडे आतल्या कपाटात आहेत. खालच्या कप्प्यात."

"थांब रे जरा," शोभाताई म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले. "ती कशी शिकवायची, भाऊ?"

"मांडीवर घेऊन. पोर पुढे, कार्ड पोरीच्या पुढे. दोघी एकाच बाजूने बघायच्या."

"मग तुम्ही का नाही घेतलं मांडीवर?"

"मला खाली बसता येत नाही. गुडघे."

"स्टुलावर बसल्यावर माणसाला मांडी नसते का?"

त्या दिवसांत मी गार्गीला भरवत होतो, धूत होतो, अंगणातून उचलून आणत होतो. पण जवळ घेऊन बसलो नव्हतो. ते काम रत्नाचं होतं.

शोभाताईंनीच तिला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. तिचं डोकं माझ्या हनुवटीखाली आलं. केसांना तुपाचा आणि डिंकाचा वास होता. मी सुहासच्या हातातली कार्डं घेतली आणि आमच्या दोघांसमोर धरली, शब्दाच्या बाजूने.

पहिलं आलं ते बघून ती गप्प. दुसऱ्यालाही गप्प. म्हैस आली तेव्हा तिने कार्डाच्या पलीकडे डोकावून खात्री करायचा प्रयत्न केला. मग एक जुनं, कोपरे मऊ झालेलं कार्ड आलं.

"नको," गार्गी म्हणाली.

"कंटाळली," सुहास म्हणाला.

"गप रे," शोभाताई म्हणाल्या. "लिहिलंय काय ते बघ."

लिहिलं होतं 'नको'. पुढे 'नळ' आला, तोही तिने सांगितला. मग 'पोळी'. रत्नाने शिकवलेले तेवढे शब्द पोरीला येत होते. माझ्यापैकी एकही नाही. मी पुढचं कार्ड धरलं आणि तिच्या केसांवर हनुवटी टेकून बसलो. गार्गीने थोडा वेळ वाट बघितली आणि मान वर करून मलाच विचारलं, "हे काय, आबा?"

शोभाताईंनी पदर खोचला. नगरपालिकेत सही करायच्या आधी त्या असंच करत असतील. "रूपाली, पोर इथेच राहू दे," त्या म्हणाल्या. "शाळेचं वय होईपर्यंत. शनिवार-रविवार मी येत जाईन. स्वयंपाकाला बाई बघू. आणि भाऊ, तुम्ही चहा शिका."

"आणि ही म्हैस?" नानामामांनी विचारलं.

"आधी ती पोरीला नीट वाचू दे. मग ते कार्ड मी नेणार."

नेलंही. कराडला त्यांच्या काचेच्या कपाटात, चांदीच्या वाट्यांच्या पुढे ते उभं असायचं. आल्यागेल्याला त्या पुढची बाजू दाखवायच्या, मग पाठची.

त्या संध्याकाळी पाव्हणे पांगल्यावर आम्ही कार्डं डब्यात ठेवत होतो. शोभाताईंनी डब्याच्या तळाशी हात घातला आणि एक पत्रिका बाहेर काढली. जुन्या घडणीची, जाड, गुलाबी कागदाची. आता असा कागद मिळत नाही.

"ही तुमची, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमची आणि तिची."

घरात आमच्या लग्नाची तेवढी एकच पत्रिका उरली होती, आणि ती आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं. मी ती हातात घेतली. कोऱ्या बाजूला रत्नाने पट्टीने पेन्सिलीच्या रेघा मारल्या होत्या, कापायला. कापली नव्हती.

"कसलं कार्ड करणार होती?" शोभाताईंनी विचारलं.

स्केचपेनांचं पाकीट फोटोखाली तसंच होतं. गडद हिरवा. तो कशाला हवा होता, ते मला तेव्हा कळलं. मी "माहीत नाही" म्हणालो आणि पत्रिका डब्यात ठेवली.

गार्गी त्या वर्षी माझ्या मांडीवर वाचायला शिकली. मी चहा शिकलो. शाळेचं वय झालं तशी ती पुण्याला गेली. शोभाताई मागच्या वर्षी गेल्या. गार्गी आता दहावीत आहे. दिवाळीत येते तेव्हा डबा काढून बसते, पाठीवरची नावं वाचते आणि हसते.

या दिवाळीत म्हणाली, "आबा, सगळ्यांची आहेत. तुमचं कुठाय?"

"करायचंय."

"मी करू? पाच मिनिटांचं काम आहे." तिने गुलाबी पत्रिका काढली होती आणि कात्रीही. हिरवं पेन वाळून गेलं होतं, म्हणून तिने बिपिनकडून नवं आणलं होतं.

"कात्री ठेव," मी म्हणालो. "चहा घेणार?"

पत्रिका डब्यात आहे. पेन्सिलीच्या रेघा पुसट झाल्यात. 'आबा' हे कार्ड अजून करायचं राहिलं आहे.